एका चुलीचे किती?

"आजी, तुमचा फोन नंबर दोन घरांच्या नावापुढं आहे, आणि तुमचं नाव एकाही घरात नाही," असं ती फोनवरची पोरगी म्हणाली आणि माझ्या बोटांत धरलेली भुईमुगाची शेंग तशीच राहिली, अर्धी फुटलेली. भर दुपार होती. जुळे सोलापुरात धाकट्या मुलाच्या फ्लॅटच्या गॅलरीत मी बसले होते. सावली माझ्या पायांपर्यंतच होती, पुढची फरशी तव्यासारखी तापली होती, आणि एक कावळा तुळशीच्या कुंडीतल्या ओल्या मातीत चोच खुपसून गार होत होता. फोन वाजला तेव्हा मी नेहमीसारखं आधीच झाडून घेतलं होतं, "ओटीपी देत न्हाय, बँकेत पैसं न्हाईत, लॉटरी लागली आसंल तर तुझ्या आईला दे." हल्ली एवढं म्हटलं की निम्मे फोन आपोआप बंद होतात. ही बंद होईना. म्हणाली, "ओटीपी नको आजी. मी जनगणनेच्या फेरतपासणीतून बोलतेय. मोजणी बरोबर झाली का, कुणी राहून गेलं का, एवढंच विचारायचंय." शाळेत कविता म्हणतात तसं बोलत होती, श्वास कुठं घ्यायचा तेसुद्धा ठरलेलं. नाव विचारलं तर संस्कृती म्हणाली. गाव विचारलं तर म्हणाली, ते सांगायचं नसतं. मग थोडं थांबून हळूच म्हणाली, केम. कुंकवाचं केम. मी म्हटलं, "आता माझ्या कपाळाला विभूती हाय, पन तुझ्या गावचं कुंकू मी लई वर्षं लावलं बघ." त्यावर ती हसली आणि मग तिनं वाचायला सुरुवात केली. बाळीवेशीतल्या घरात गुरुशांत, त्याची बायको श्रीदेवी, त्यांची दोन पोरं. जुळे सोलापुरातल्या घरात शिवयोगी, त्याची बायको ऋतुजा, त्यांची मुलगी. प्रत्येक नावाला मी व्हय व्हय म्हणत होते. मग तिची यादी संपली. मी म्हटलं, "आन?" ती म्हणाली, "आणि कोण आजी?" मी म्हटलं, "आन मी, की."

दोन घरांपुढं माझा नंबर कसा गेला हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. गुरुशांतचं भांड्यांचं दुकान; गिऱ्हाईक समोर असताना फोन वाजला की त्याचं डोकं फिरतं. श्रीदेवी परक्या माणसाला स्वतःचा नंबर देत नाही, तिच्या माहेरची शिस्त आहे तशी. शिवयोगीचा फोन कामावर बंद, आणि ऋतुजा शाळेत शिकवते, तिचा फोन दुपारपर्यंत पर्समध्ये मुका पडलेला. मग दारात गॅसवाला येवो, पाणीपट्टीवाला येवो, डोस पाजणारी बाई येवो, नंबर मागितला की दोन्ही घरांतून माझाच जातो. अव्वा, म्हणजे आई, उचलते. अव्वा कधी पण उचलते. या चिमुकल्या बटणांच्या फोनवरून दोन्ही घरांची राखण मी करते असं मला वाटायचं, आणि त्याचा ताठाही मला होता, खोटं कशाला बोलू. बाळीवेशीत पाणी कधी सुटलं ते मला इथं बसून कळतं, आणि इथली टाकी भरली की नाही ते तिथं बसून. अमावस्या झाली की मी घर बदलते. दुकानातली अमावस्येची पूजा झाली, नारळ फुटला, की दुसऱ्या दिवशी माझी पिशवी, विभूतीची डबी, औषधं आणि मी, सगळं रिक्षात. एक महिना थोरल्याकडं, एक महिना धाकट्याकडं. शेजारणी हळहळतात, पोरांनी म्हातारीला पाळी लावली म्हणून. मी त्यांना तोंडावर सांगते, पाळी पोरांनी मला नाही, मी पोरांना लावलीय. ज्या घरात माझं महिनाभर ऐकतात तेवढाच महिना ते घर सरळ चालतं. पण आता त्या केमच्या पोरीला काय सांगू? दोन घरं चालवणारी बाई एकाही घरात नाही. म्हणजे एवढी वर्षं रिक्षातच राहत होते की काय मी? मधल्या रस्त्यावर, सात रस्त्याच्या सिग्नलला, मांडीवर पिशवी घेऊन?

आणि तरी आश्चर्य अर्धंच वाटलं. निम्मी गोष्ट मला माहीत होती. गड्ड्याची यात्रा होऊन महिना झाला असेल तेव्हा. यात्रेतली धूळ माझ्या छातीत बसली होती, खोकून खोकून बरगड्या ठणकत होत्या, आणि मी याच गॅलरीत पडद्याआड माझ्या खाटेवर पडले होते. दारात मोजणीवाल्या बाई आल्या. ऋतुजानं त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली. बाईंनी विचारलं, "एका चुलीवर जेवणारे किती जण?" ऋतुजा म्हणाली, "तिघं." मग दोघींचा आवाज खाली गेला, बाळीवेस असा एक शब्द तेवढा माझ्यापर्यंत आला, नंतर दार लागलं. तिघं. मी उठले नाही. जिनं बाळीवेशीच्या कोपऱ्यावर उभं राहून अडत्यांना आणि रिक्षावाल्यांना गप्प केलं ती सुंदरम्मा पडद्याआड तोंडात पदर कोंबून खोकला दाबत पडून राहिली. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. कुणी आपल्याला विसरलं तर ओरडून आठवण करून देता येते. पण आपण पाच हातांवर खोकतोय, आणि आपला खोकला ऐकत ऐकत कुणी तिघं म्हणतं, तेव्हा ओरडायचं काय? तो शब्द मी निखाऱ्यासारखा राखेत झाकून ठेवला. वर फुंकर घातली नाही, विझूही दिला नाही. मनाला एकच समजावलं की बाळीवेशीत श्रीदेवीनं घातलंच असेल आपलं नाव, मोठी सून आहे, तिला रीत कळते. आता ही पोरगी म्हणते तिथंही नाही. श्रीदेवीनं म्हणे सांगितलं, अव्वा सध्या धाकट्या भाऊजींकडं आहेत, तिकडं लिहितील. बरोबरच सांगितलं तिनं. खरं तेच सांगितलं. दोन्ही बायका खरं बोलल्या आणि त्या दोन खऱ्यांच्या मधून मी खाली पडले.

आमचं माहेरचं गाव अक्कलकोटच्या पुढं, कन्नड जास्त आणि मराठी कमी. मी तिथल्या कन्नड शाळेत तिसरीपर्यंत गेले, पुढं म्हशी होत्या. एकदा शाळेतले मास्तर मोजणीला आले होते. माझा बाप रुद्रप्पा कट्ट्यावर बसला होता, विभूती ताजी होती, म्हणजे सकाळच असणार. मास्तरांनी विचारलं तसं त्यानं माझ्या भावांची नावं सांगितली, एकेक नाव जरा मोठ्यानं, कोठारातली पोती दाखवावीत तसं. मी मास्तरांना पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मास्तर चांगले होते. त्यांनी टाक थांबवून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "आणि ही?" बाप म्हणाला, "ती जाणारी आहे." एवढंच. रागानं नाही, कमी लेखून नाही. आकाशाकडं बघून पाऊस येणार नाही म्हणावं तसं. याच बापानं मला तापात खांद्यावर घालून अक्कलकोटपर्यंत चालत नेलं होतं, त्याच्या घामाचा आणि विभूतीचा वास अजून माझ्या नाकात आहे, त्याला वाईट कसं म्हणू? मास्तरांनी माझं नाव पुढं लिहिलं की नाही ते मला कधीच कळलं नाही. तांब्या परत घेताना मी त्यांच्या कागदाकडं वाकून बघितलं, पण ती अक्षरं मराठीतली होती. मला तेव्हा मराठी येत नव्हती. त्या दिवसापासून पोटात एक काहीतरी राहिलं. कुठल्याही घरात पाय टाकला की मी आधी काम शोधते. काम असलं म्हणजे जागा असते. पाहुणी म्हणून मला कुठं धड बसता येत नाही, जाणारी म्हणून तर मुळीच नाही. लोक म्हणतात म्हातारीला हुकूम चालवायची हौस आहे. हौस नाही ती. पायाखाली फरशी आहे का ते बघणं आहे.

मग लग्न होऊन सोलापुरात आले. माझा नवरा सिद्धप्पा गिरणीत होता. मोजूनमापून बोलणारा माणूस. मी बोलायची, तो हुं म्हणायचा, आणि त्या एका हुंचे चार-पाच अर्थ असायचे. गिरणी बंद पडली तेव्हा तो कितीतरी दिवस सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा आणि तलावाच्या काठावर बसून संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत यायचा. मी विचारलं नाही. मी जोंधळा आणला आणि कडक भाकऱ्या करायला बसले. कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर शेकायची, मग चुलीच्या कडेला उभी करून वाळवायची, की महिनाभर टिकते आणि तोंडात टाकली की कडाड वाजते. पहाटेपासून थाप थाप थाप. अख्खी गल्ली त्या आवाजानं उठायची. त्या भाकऱ्यांवर दोन पोरं शिकली, आणि सिद्धप्पानं डबा घेऊन बाहेर जाणं थांबवलं, तो लाकडं फोडायला आणि भाकऱ्या बांधायला लागला. अशातच एकदा मोजणीवाला आला. म्हणाला, कुटुंबप्रमुख कोण? मी कोपरापर्यंत पिठात होते. सिद्धप्पानं माझ्याकडं हात केला आणि म्हणाला, "तिचं लिवा." मोजणीवाला हसला. "पुरुष माणूस घरात असताना बाईचं कसं लिहू?" सिद्धप्पा परत भाकऱ्या बांधायला लागला. मला वाटलं संपलं बोलणं. मग म्हणाला, "मग चुलीचं नाव लिवा. घर ती चालवती." मोजणीवाला आणखीच हसला, आणि मी नवऱ्याला तडातडा बोलले, लोकांत हसू करून घेतोस म्हणून. पण तव्यावरची भाकरी आतून वाफ धरते तसं माझं काहीतरी त्या वेळी फुगलं होतं, आणि ती वाफ अजून निवलेली नाही. त्या मुक्या माणसाचे मी कुणाकुणापुढं आभार मानू? तो तर गेला. त्याच्या माघारी कुणी मोजायला आलं की माझ्या कानाला सवयीनं त्याचा आवाज हवा असतो. तिचं लिवा.

"आजी? आहात ना?" पोरगी म्हणाली. "हाय की. मी कुटं जाती." माझाच शब्द माझ्या कानाला लागला. ती म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. असे लई जण सुटतात. म्हणजे, खूप जण सुटतात." कवितेचा सूर सुटून गावचा शब्द तोंडात आला म्हणून ती स्वतःच लाजली असावी. "दोन घरांत राहणारे असतात ना, तेच जास्त. हॉस्टेलची मुलं, बदलीची माणसं. तुमच्यासारखे आजी-आजोबा तर फार. म्हणून तर आम्ही पुन्हा फोन करतो. पुढं काय करायचं ते वरचे ठरवतात, माझं काम म्हणजे खरं काय होतं ते लिहिणं. आता मला सांगा, मोजणीच्या त्या दिवसांत तुम्ही कुठं होता?" मी म्हटलं, "हितंच. ह्याच गॅलरीत. पडद्याआड." हे एवढं तोंडातून बाहेर पडलं आणि मला एकदम हलकं वाटलं. कुणी मला हे विचारलंच नव्हतं. मुलगे विचारतात, औषध घेतलं का. सुना विचारतात, भाजी कोणती करू. तू त्या दिवशी कुठं होतीस असं एका केमच्या पोरीनं विचारलं, जिचं तोंड मी कधी बघणार नाही. आणि विचारून गप्प राहिली, उत्तराला जागा ठेवून. तिच्या मागं दुसऱ्या पोरींचे आवाज येत होते, सगळ्या कुणाला ना कुणाला विचारत होत्या, तुमच्याकडं कोण राहून गेलं का म्हणून. जत्रेत हरवलेल्या माणसांना हाका माराव्यात तसं ते ऐकू येत होतं. माझे डोळे भरले. उन्हानं भरले असतील.

"मग तुमचं जेवण याच घरच्या चुलीवर व्हायचं, की वेगळं?" आता यावर मला विचार करायचं कारण नव्हतं. शिवयोगीनं ऋतुजाला आणलं ते स्वतःच्या पसंतीनं. कुर्डुवाडीची पोरगी, बाप रेल्वेच्या कारखान्यात, आमच्यातली नाही, माहेरी मटण शिजतं आणि इथंसुद्धा नातीसाठी अंडं उकडतं. मी लग्नाला गेले, अक्षता टाकल्या, आहेर केला, कुणाला बोलायला जागा ठेवली नाही. पण उंबऱ्यावरच सांगितलं, "तुझ्या घरी राहीन पोरी, तुझ्या चुलीचं खाणार न्हाय. माझ्या पूजेला चालत न्हाय." दुसऱ्या दिवशी गॅलरीत एक लहान गॅसची शेगडी आली, परात आली, तवा आला, मिठाची बरणीसुद्धा वेगळी, आणि ऊन लागू नये म्हणून पडदा. तेव्हापासून इथल्या महिन्यात मी माझं शिजवते, माझं खाते. म्हणून मी पोरीला ठणकावून सांगितलं, "येगळं. माझी शेगडी येगळी, भांडी येगळी. कुनाच्या घासाला मी बांधलेली न्हाय." पलीकडं बटणं वाजली. मग ती म्हणाली, "असं असेल तर आजी, तुम्हाला वेगळं कुटुंब धरावं लागेल. एकाच माणसाचं. कुटुंबप्रमुख तुम्हीच."

कुटुंबप्रमुख. सुंदरम्मा सिद्धप्पा. मान आपोआप ताठ झाली माझी. बघ, म्हटलं मनात नवऱ्याला, लिहितात बघ आता बाईचं. आणि लगेच त्याच्या मागून तो दुसरा शब्द आला. एकाच माणसाचं. मी माझ्या शेगडीकडं बघितलं. निळी, स्वच्छ, वर तवा पालथा घातलेला. खरं सांगायचं तर एका भाकरीचं पीठ नीट मळताच येत नाही. तळव्याखाली दाबायला काही राहतच नाही. पसाभर पीठ परातीत इकडून तिकडं पळतं आणि हाताचं हसं होतं. अख्ख्या गल्लीला पुरतील एवढ्या भाकऱ्या थापल्या मी, आणि आता एका भाकरीला बसले की थाप थाप असा आवाज येण्याआधीच संपते. जाणारी आहे म्हणाला बाप. इथं नाही, तिकडं असेल म्हणाल्या दोन्ही सुना. आता सरकारच्या दरबारी मी एकटी एक शेगडी होणार. पोरगी म्हणाली, "लिहू ना आजी?" मी म्हटलं, "जरा थांब पोरी." ती म्हणाली, "थांबते." इतर सगळ्यांना माझ्या बोलण्याची घाई असते. हिला नव्हती.

पडदा बाजूला झाला. ऋतुजा शाळेतून येऊन तांदूळ धूत होती वाटतं, ओले हात तसेच घेऊन दारात उभी. "कोण आहे अव्वा? फसवाफसवीचा फोन आहे का? द्या इकडं."

"फसवाफसवीचाच हाय," मी म्हटलं, "पन तिनं केलेली न्हाय. मोजनीवाली हाय. तू मला मोजली न्हाईस ते तिला कळलंय."

ती जागच्या जागी थांबली. बोटांवरून पाणी टपटप फरशीवर पडत होतं आणि पडल्या पडल्या वाळत होतं. "तुम्ही ऐकलं होतं तेव्हा."

"पडदा हाय त्यो. भिंत न्हाय."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "म्हणूनच तिघं म्हटलं."

"वा गं वा! ऐकती म्हनून म्हटलं? आसं कसं गं?"

"चार म्हटलं असतं तर तुम्हाला कळलं असतं ना."

"काय कळलं असतं?"

ती खाली बघायला लागली. वर्गातल्या पोरांना दरडावणारी बाई, पण माझ्यापुढं तिचा आवाज नेहमी ओल्या वातीसारखा होतो. "अव्वा, त्या बाईंनी विचारलं एका चुलीवर किती. आणि त्या आठवड्यात तुमची शेगडी पेटलीच नव्हती. तुम्हाला उठवत नव्हतं. तुम्ही जी अंबली पीत होता ती मी करत होते."

"ती बाळीवेशीतनं येत होती. श्रीदेवीच्या डब्यात."

"डबा श्रीदेवी अक्कांचा होता. इथंच राहिलेला. मी त्यांना फोन करून विचारलं, अव्वांना काय देऊ, काही खात नाहीत. त्यांनी अंबली कशी करायची ते सांगितलं आणि म्हणाल्या, माझ्याच डब्यात घालून दे, म्हणजे विचारणार नाहीत." मग एका दमात म्हणाली, "चार म्हटलं असतं तर तुम्ही पडल्या पडल्या ऐकलं असतं, आणि पुढचा घोट घेतला नसता. घेतला असता का? खरं सांगा. तर म्हटलं असू दे, तिघं तर तिघं. बाळीवेशीत नाव आहेच त्यांचं, असं सांगितलं त्या बाईंना. मला वाटलं तिकडं असेलच."

अंबली. जोंधळ्याचं पीठ रात्री भिजवून आंबवायचं, सकाळी पातळ शिजवायचं, वरून ताक, ठेचलेला लसूण, जिरं. मला ती आत्ता घशाखाली उतरताना जाणवली. छातीतली ती यात्रेची धूळ धुवत धुवत खाली जाणारी, ऊनऊन. पहिल्या घोटाला मी काय म्हटलं होतं तेही आठवलं: श्रीदेवीचा हात सुधारला गं बाई. आणि ही तेव्हा पडद्याला धरून उभी होती, वाटी रिकामी होईपर्यंत हललीच नाही. मला वाटलं, भांडं घासायची घाई असेल. आणि मग दुसरं एक आठवलं, ज्याच्याजवळ मी इतके दिवस गेले नव्हते. डबा उघडला की वाफ यायची. बाळीवेशीपासून इथवर अख्खं सोलापूर ओलांडून यायचं, रिक्षा, सिग्नल, सात रस्ता, आणि तरी वाफ? जिनं चुलीपुढं जन्म काढला त्या बाईला हे कळलं नसेल? कळलं असेल. कुठंतरी आत, तापाच्या ग्लानीत, माझ्या जिभेनं ते ओळखलं असेल आणि मला सांगितलं नसेल. जीभ माझ्यापेक्षा शहाणी निघाली. मला जगायचं होतं म्हणून ती गप्प बसली, आणि ही पोरगी मला जगवायचं होतं म्हणून तिघं म्हणाली. स्वतःच्या हातचं केलेलं जावेच्या नावावर घातलं, आणि जावेनं आपलं नाव दिलं. दोघींनी मिळून माझा ताठा तेवढा जपला. माझ्या पोटच्या पोरांना एवढं सुचलं नसतं. माझ्या ताठ्याला कुणी इतकं सांभाळलेलं नाही, सिद्धप्पानंतर.

राखेतला निखारा बघावा म्हणून हात घातला तर तिथं गार राख होती.

फोन अजून माझ्या मांडीवर चालू होता. कानाला लावला. "आहेस का पोरी?"

"आहे आजी." तिचा आवाज बदलला होता. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि न ऐकल्यासारखं करत होती. कुणाच्या घरातलं ऐकायचं आणि गिळायचं हेही तिचं कामच असेल.

"ते येगळं कुटुंब खोड."

"आजी, तुम्हाला आज काय वाटतं ते नाही हं लिहायचं. त्या दिवसांत खरं काय होतं ते."

"खरंच सांगती, की. मला खोटं बोलायला कोन लागतंय? त्या दिवसांत माझी शेगडी बंद व्हती. मी ह्या घरच्या चुलीचं खात व्हते. एका चुलीचे चार. लिव."

"चार," ती म्हणाली. "नाव सुंदरम्मा. कुटुंबप्रमुखाशी नातं?"

"परमुख कोन?"

"शिवयोगी सिद्धप्पा."

सिद्धप्पाचं नाव त्या परक्या पोरीच्या तोंडून आलं आणि मी फोन कानाशी आणखी दाबून धरला. मग मी म्हटलं, "आई. आई लिव."

"आई," ती लिहिता लिहिता म्हणाली. तो शब्द तिनं माझ्यासाठी म्हटला नव्हता, तिच्या यंत्रात टाकायला म्हटला होता; पण माझ्या कानात आला तो आलाच. नंतर तिनं परत ती शाळेतली कविता सुरू केली, आपण वेळ दिल्याबद्दल, सहकार्याबद्दल, आपले मनापासून. मी तिला मधेच थांबवलं. "माझे आभार तू मानतीस व्हय? येडी का काय तू? तू इचारलंस म्हनून मला माझ्याच घरातलं कळलं. जेवलीस का?" ती म्हणाली, "न्हाय अजून आजी, पाच-सहा घरं राहिलीत." मी म्हटलं, "मग जेव आधी. आन पुढच्या म्हातारीला बी असंच थांबून इचार. पटकन ठेवू नकोस. ती आधी शिव्या देईल, तरी ठेवू नकोस." ती हसली, व्हय म्हणाली, आणि फोन बंद झाला. फोन मी थोडा वेळ तसाच हातात धरला. गरम झाला होता, पाखरासारखा.

ऋतुजा अजून दारातच होती. हात आता वाळले होते. मला असल्या वेळी गप्प बसता येत नाही. मी म्हटलं, "मीठ कमी व्हतं."

"कशात?"

"अंबलीत. आन लसूण ठेचायचा आसतो, चिरायचा नसतो."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तवा वाटलं श्रीदेवीनं केलीय. तिला बोलून कायच उपेग न्हाय. तू केलीस म्हनून कळलं आसतं तर बोलले आसते, की."

ती आधी माझ्याकडं बघत राहिली. मग तिचे ओठ हलले, आणि हसू आलं ते आलंच, डोळ्यांना पदर लावेपर्यंत. मलाही येत होतं. मी येऊ दिलं नाही. शेंगांचं सूप उचललं, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि पडदा सरकवून आत गेले. तिचं स्वयंपाकघर मी दारातून रोज बघत आले, कुठल्या फडताळात काय आहे ते मला पाठ, पण आत जाऊन कधी बसले नव्हते. ओट्याजवळ जागा बघितली आणि भिंतीला टेकून खाली बसले. बाहेर एवढं ऊन, आणि ही फरशी मात्र चांगली गार होती. "जोंधळ्याचं पीठ कुटं ठेवतीस?" मी विचारलं. "आज भिजव. मीठ मी बघती."